दारातला काळा

३ सप्टेंबर
बोटांची सालं पुन्हा निघाली. त्वचेच्या डॉक्टरांनी या वेळी आवाज चढवला. "डेव्हलपरला हात लावायचा नाही, बाई. ग्लोव्ह्ज घालूनही नाही. किती वेळा सांगू?" तेहेतीस वर्षे याच बोटांनी फोटोचा कागद रसायनात हलवला. आता तीच फितूर.
प्रदर्शन महिन्यावर. वीस प्रिंट बाकी.

५ सप्टेंबर
निगेटिव्ह गिरीशकडे दिल्या. कॉलेज रोडला त्याचे इंकजेटचे दुकान, एरवी लग्नाचे आल्बम करतो. पाणी नाही, वास नाही, वाट पाहणे नाही. "ताई, खुर्चीत बसून फोटो होतो. अजून काय पाहिजे?"
घरी नवरा, माधव, खूश. डार्करूम म्हणजे आमचे दुसरे बाथरूम. "आता तिथे गीझर लावू." भांडले. जेवले नाही.

९ सप्टेंबर
आज गिरीशने चंद्रभागाबाईंचा फोटो उघडला. मखमलाबादच्या मळ्यातली बाई, मांडीवर झेंडूची टोपली, मागे उघडे दार, दारात ठार काळोख. माझा पहिल्या वर्षातला, सगळ्यात गाजलेला फोटो. लोक त्या काळ्याबद्दलच बोलतात. मीही भाषणांत सांगत आले: अंधार तिथे होताच, मी तो राहू दिला.
स्क्रीनवर दारात एक मुलगी. दहा-अकरा वर्षांची. गुडघ्यांवर हात. सरळ माझ्याकडे पाहते.
"सावल्या जरा उचलल्या, उजळ केल्या, ताई. बघा काय निघालं!"
बंद कर म्हणाले. ओरडलेच. आल्बम बघायला आलेले नवरा-नवरी वळून पाहू लागले.

१० सप्टेंबर
राग उतरत नाही. यंत्राला सगळे दाखवायची हाव. मी बाकीचा कागद हाताने झाकून फक्त दारावर जास्तीचा उजेड सोडायची. कागदावर जास्त उजेड म्हणजे जास्त काळे. सेकंद मोजत उभी राहायची. ते काम होते. उचलणे हे काम नव्हे.

१४ सप्टेंबर
गिरीशने तो उघडलेला फोटो मखमलाबादच्या कुणा गिऱ्हाइकाला मोबाइलवर पाठवला. मला न विचारता. "भारी वाटला, ताई, म्हणून." गाढव. तिथून तो चंद्रभागाबाईंच्या मुलीपर्यंत गेला. संध्याकाळी तिचा फोन. मंदा. आई वारली म्हणाली.
"ताई, दारातली मीच हाय. लग्नाआधीचा माझा एकबी फोटो नाय. मोठा करून द्या."
म्हणाले, तो फोटो तसा नाही.
"तसा म्हंजी?"
दारातल्या काळ्याबद्दल सांगू लागले, तिने मध्येच तोडले.
"तुम्हीच म्हणला व्हता, पोरी, हलू नको. मी हलले नाय. मंग फोटो घरी आला, त्यात मी नाय. आई म्हणली, तू हलली असशील."
मी फोन ठेवून दिला.

१५ सप्टेंबर
मंदा खोटे बोलते. मला मुलगी आठवत नाही.
गिरीशकडून निगेटिव्ह परत आणून भिंगाखाली धरली. संध्याकाळचा उजेड, मंद शटर. चंद्रभागाबाईंची बोटे किंचित हललेली. मुलगी जराही हललेली नाही.

१६ सप्टेंबर
प्रिंटिंगच्या जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक फोटोचे सेकंद त्यात लिहिलेले असतात. सापडले. अक्षर माझेच.
"मूळ १२. चेहरा −३. दार +४०. पोरगी घालवणे."
माधवने चष्मा लावून वाचले. वही परत दिली. "घालवलीस तर घालवलीस. फोटो चांगलाय." मग पेपर उघडत, "तिला सांगायचं तरी."
त्याच्यावरही भडकले.

२२ सप्टेंबर
ग्लोव्ह्ज चढवून डार्करूममध्ये गेले. डॉक्टर गेले खड्ड्यात. पाकिटात शेवटचे तीन कागद. चंद्रभागाबाईंचा फोटो मुलीसकट छापला. दाराला जास्तीचे काही दिले नाही. दार करडे झाले, नजर आईवर ठरेना, मुलीवरही ठरेना; फोटोतला जोर गेला. दुसरा कागद. तिसरा. तेच.
फोटो पडतो. मंदाचे बरोबर आहे आणि फोटो पडतो. दोन्ही.
पाकीट संपले.

२५ सप्टेंबर
गिरीशकडून दोन्ही प्रिंट करून घेतल्या, एक मुलीची, एक काळी. काळ्या प्रिंटमध्ये खोट काढायची म्हणून ती दुकानाच्या दारापाशी उजेडात नेऊन पाहिली. काळा माझ्या काळ्यापेक्षा गडद. खोल. त्याचाही संताप आला.

१ ऑक्टोबर
मंदा येऊन गेली. पुढे दसऱ्याचा झेंडू, तेव्हा मळ्यातून सवड नाही म्हणाली. मेथीच्या दोन जुड्या आणल्या. माझी बोटे पाहून, "अगं बाई, ताई, हे काय वो? खोबरेल लावा." तिची प्रिंट दिली. फोटो पडतो हे तिला दिसले नाही, किंवा दिसले तरी तिला चालणार होते. आईवरून बोट फिरवले, मग दारावर ठेवले.
"बघा. हलले नाय."
माफी मागायची होती. तोंडातून निघाले, काच लाव, दमट जागी नको.
"परदर्शनात ह्योच लावणार ना? शनवारी समद्यांना घिऊन येते. सुनंला, नातवाला. त्यांना खरं वाटत नाय."
चहाचे आधण ठेवायला उठले. साखर दोनदा घातली. तिने हसत प्यायला.

२ ऑक्टोबर
प्रदर्शनाच्या हॉलमध्ये जाऊन या फोटोची जागा पाहून आले. समोरच्या भिंतीवर मधोमध, आत शिरताच दिसेल अशी. गिरीशकडून मुलीची अजून एक प्रिंट आणली. ती आणि काळी, दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर आहेत. माधव त्यांना वळसा घालून जातो.
गिरीशचा फोन. "ताई, उद्या सकाळी नऊला टांगायला घेऊ. मधला कोणता आणताय?"
म्हणाले, येते मी.
त्या जागी खिळा एकच ठोकला आहे.