सांबरशिंग, मुक्काम सेंगकांग

७ जून, शनिवार
सासूबाई काल पुण्याहून सिंगापूरला आल्या आणि आज आमच्या सेंगकांगच्या एलआरटी ट्रेनच्या स्टेशनच्या पायरीवर त्यांचा पाय मुरगळला. घोटा टम्म. डॉक्टरने बँडेज आणि जेल दिलं. आई म्हणाल्या, ही थेरं नकोत, सांबरशिंग उगाळून लेप द्यायला हवा. सहाण आणलीय म्हणे बॅगेत, शिंग पुण्यातच राहिलं. मग सुस्कारा. रविंद्रराव असते तर कुठूनही पैदा केलं असतं.

रविंद्र म्हणजे माझे साडू. मरीन इंजिनिअर. मागे त्यांचं जहाज इथे लागलं होतं तेव्हा जेवायला आले आणि माझाच मिक्सर दुरुस्त करून गेले. तेव्हापासून आई मला 'आमचे कम्प्युटरवाले' म्हणतात.

ठरलं. शिंग मी आणणार. इथे मंडाईच्या जंगलात सांबरं आहेत, नर शिंगं टाकतात. म्हणजे ती पडलेलीच असणार, फक्त उचलायची. आईंनी एकदा, एकदाच, 'जावई असावा तर असा' म्हणावं. पुढच्या रविवारी त्यांचं जहाज परत इथे लागतंय, रविंद्र जेवायला येतायत. त्यांच्यासमोर म्हणाल्या तर सोन्याहून पिवळं. डेडलाइन फिक्स.

८ जून, रविवार
पहाटे निघायचं होतं. उठलो नाही. पण वाचलं की सांबर रात्री चरतं आणि दिवसा झोपतं. म्हणजे मी त्याच्याशी सिंक झालोय. चांगली सुरुवात.

९ जून, सोमवार
बूट घेतले. दुर्बीण घेतली. अनघा म्हणाली, शिंग पायाखाली पडलेलं असतं, दुर्बीण कशाला? बायकोला फील्डवर्क कळत नाही.

११ जून, बुधवार
रजा टाकून मंडाई. गेटवर बोर्ड: जंगलातून काहीही नेऊ नये. अनघाने फोनवर विचारलं, इथे राहायचा एम्प्लॉयमेंट पास हवाय की शिंग? मी कायदा पाळणारा माणूस. बाहेरच्या रस्त्याच्या कडेनेच शोधलं आणि सापडलं! दोन फाट्यांचं, भरदार.

फांदी निघाली. पण अतिशय शिंगासारखी.

माकडाने डबा नेला, पोळीभाजीसकट. घरी सांगितलं, आज डेटा कलेक्शन केलं.

१३ जून, शुक्रवार
सापडलं!!!

आणि कुठे? आमच्याच ब्लॉकखाली, झोपाळ्यामागच्या गवतात. वीतभर तुकडा, पण अस्सल शिंग. त्यावर दातांचे व्रण आहेत. जंगलात साळिंदरं पडलेली शिंगं कुरतडतात, हे मी वाचलंय, त्यामुळे शंकेला जागाच नाही. प्रश्न एकच, सांबर मंडाईहून सेंगकांगला आलं कसं? नकाशा पाहिला. एक्सप्रेसवे ओलांडून, मग नदीकाठाने. कोणाला दिसलं नाही कारण सगळे फोनमध्ये. वल्लरी म्हणाली, "पपा, डिअर कॅन नॉट टेक एलआरटी लाह." शाळा मुलांची कल्पनाशक्ती मारते.

आईंना सांगितलं, जंगलाच्या हद्दीबाहेर मिळालं. शंभर टक्के खरं. त्यांनी धुऊन वास घेतला, अस्सल आहे म्हणाल्या, उगाळून दाट लेप लावला. मग माझ्याकडे बघून, "शैलेंद्रराव, कष्ट घेतलेत हो." बाथरूममध्ये जाऊन डोळे पुसले. लग्नाला बारा वर्षं झाली, 'राव' आज लागलं.

१४ जून, शनिवार
सूज निम्मी! शिंग देव्हाऱ्याशेजारी ठेवलंय. आईंनी पुण्याला व्हिडिओ कॉलवर सगळ्या बहिणींना दाखवलं. जावयाने जंगल पालथं घातलं म्हणाल्या. अनघाचं म्हणणं, ती रोज रात्री जेलही लावत होती. जळते.

उद्या रविंद्र. शर्टाला इस्त्री केली.

१५ जून, रविवार, दुपार
आई ताजा लेप लावून, स्वतःच्या पायाने, रविंद्रना घ्यायला खाली निघाल्या. हातात शिंग. मी आणि वल्लरी सोबत. नवव्या मजल्यावर मिसेस लिम लिफ्टमध्ये आल्या, त्यांचा पांढरा कुत्रा कोपी घेऊन. कोपी थेट आईंच्या घोट्यावर. चाटतोय, चाटतोय, सोडेना. मिसेस लिम सॉरी सॉरी म्हणता म्हणता आईंच्या हाताकडे बघत थांबल्या. "आय्यो, आंटी, दॅट वन माय कोपी'ज च्यू लाह! हरणाचं शिंग, त्याला चावायला आणलेलं, पेट शॉपचं, गुरुवारी खाली खेळताना हरवलं, तेव्हापासून बिचारा जेवत नाही" वगैरे.

आईंना इंग्रजी कळत नाही. वल्लरीने मराठीत सांगितलं. एरवी 'भाजी वाढ'सुद्धा इंग्रजीत सांगणारी मुलगी. आज एक शब्द अडला नाही.

लिफ्ट तळाला पोचली. दार उघडलं. समोर रविंद्र.

१५ जून, संध्याकाळ
आईंनी पाय डेटॉलने धुतला, परत धुतला. सहाण रविंद्रनी घासून दिली. जेवताना कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. मग आईच म्हणाल्या, काही म्हणा, सूज मात्र उतरली. मी ताठ बसलो. त्या पुढे म्हणाल्या, "रविंद्रराव, त्या दुकानात न चावलेलं मिळेल का हो?"

रविंद्र आमटीभात संपवून गेले आणि मठ्ठा वाढेपर्यंत परत आले. अख्खं शिंग, प्लॅस्टिकमध्ये सीलबंद. दुकान आमच्याच मॉलमध्ये आहे, मी दुर्बीण घेतली त्याच्या शेजारी.

आईंनी शिंग उलटसुलट करून पाहिलं. म्हणाल्या, "जावई असावा तर असा."

माझ्यासमोरच म्हणाल्या.