येते हं, आजी

३ नोव्हेंबर, नेरूळ

लागली बाई नोकरी एकदाची! लातूर सुटलं, इथं खोली मिळाली, आणि काम खोलीवरूनच. ऑस्ट्रियातल्या बाड लिंडाख गावाची मराठी माहितीपुस्तिका लिहायची. आमच्या पर्यटन कंपनीचे विपुल सर फोनवर त्याला 'बॅड' म्हणतात. बाड म्हणजे स्नान, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी शिकवून मोकळी! गाव चिमुकलं. गंधकाचे गरम झरे रोमन सैनिकांना सापडलेले. बागेत वादकांचा मंडप, चौकात प्लेग हटल्याबद्दल उभारलेला खांब, पिवळं स्नानगृह. गावच्या कॅमेऱ्यावर सगळं थेट दिसतं. आपल्याकडे दुपारचे तीन, तिकडे सकाळ.

१० नोव्हेंबर

आठ दिवसांत दूधवाल्याशी काय बोलले असेन तेवढंच. खालच्या घरमालकीण दुर्गाबाई मायाळू, पण दिवसभर मार्केटात. घरून निघताना 'येते' म्हणायची जन्माची सवय, इथं म्हणणार कुणाला? कॅमेऱ्यात झऱ्याजवळच्या बाकावर तपकिरी कोटातली एक म्हातारी रोज बसलेली असते. आज लॅपटॉप मिटता मिटता तिलाच म्हणून बसले, येते हं आजी. काय बाई मी तरी!

१४ नोव्हेंबर

आजीनं बाकावरची शेजारची जागा हातानं झाडली. सरळ माझ्याकडे बघून. योगायोगच असणार, पण बरं वाटलं. आपली वाट बघणारं कोणीतरी आहे. निघताना पुन्हा म्हणालेच.

१८ नोव्हेंबर

ही बाई कोण, म्हणून गावच्या कचेरीला मेल टाकली होती. उत्तर आलं. तो बाक दोन वर्षांपूर्वीच काढला, तिथं कोणी बसत नाही. सरांना बघायला लावलं, तर त्यांनाही झऱ्याजवळ रिकामी जागाच दिसली. टेन्शन घेऊ नको म्हणाले. तोंड धुवायला नळ सोडला तर पाणी कढत, गंधकाच्या वासाचं. माझ्याकडे गीझर नाही.

दुर्गाबाईंना सगळं सांगितलं. त्या चिडल्याच. अनोळख्या मान्साला येते कशाला म्हनलीस, असं म्हणाल्या. तू गेली नाय, तर ती न्यायला येनार. दार उघडलंस तर गेलीस.

२१ नोव्हेंबर

आज बाक रिकामा.
जिन्यात ओली पावलं. वर येणारी. दुर्गाबाई मुलीकडे कळंबोलीला —

२२ नोव्हेंबर, दुपारी तीन

दाराखालून वाफ. कडी घट्ट लावलीय. दार कोणी वाजवत नाही, बाहेर कोणीतरी नुसतं उभं आहे.
ओरडून सांगितलं, मी येणार नाही. हलेना. शब्द परत घ्यावा तरी कसा? मग भीतीनं तोंडातून निघून गेलं — आजी, जाते मी, जाते —
अगं आई गं. 'जाते' कोण म्हणतं? मरणाऱ्या माणसाशिवाय कोणी —

वाफ पायांना लागतेय. ऊब आहे.
खरं सांगू? भीती वाटतेय, खूप वाटतेय. पण इतक्या लांबून माझ्यासाठी आजवर कोणी आलेलं नाही.
कडी का