आत सोडलेलं कापड

दादर, मुंबई
फेब्रुवारी १९७३

माझ्या मायेस कोकिळाचा जयभीम.

मी बरी हाय. खोलीवर नळाला पाणी येतं. गावी झरीला आपल्या विहिरीत काही उरलंय का? तू अजून दुष्काळी कामावर खडी फोडायला जायलीस का? तिथं सुकडी तरी पोटभर मिळती का?

मी शिवणकामाला लागले ते फॅशनचं दुकान म्हंजे काय, असं तू विचारलं होतंस. मलाबी कळत नव्हतं. मग शेजारच्या मशीनवरच्या नलूताईनं एक पुस्तक दिलं. नवे कपडे घालून लोकांपुढं चालणाऱ्या एका बाईनं आपली कहाणी लिहिलीय. ती म्हणते, तिथं कपडा आधी शिवतात आन् बाईनं त्यात मावायचं असतं. त्यासाठी ती नुसत्या लिंबूपाण्यावर राहायची. घरात सगळं असून उपाशी. तुला हसू येईल का राग, ठावं न्हाई.

मला आपलं मशीन आठवलं. पाऊस पडला न्हाई आन् गावच्या बायका ढिले झालेले झंपर आवळून घ्यायला यायल्या. तू टीप मारायचीस, पण आतलं जास्तीचं कापड कधी कापलं न्हाईस. पीक आलं की उसवून देईन म्हणायचीस.

आमच्या दुकानाच्या मॅडमला माझी उंची आवडली. पुढच्या महिन्यात नवा ड्रेस घालून मीच चालायचं म्हणतात. पगारबी वाढंल. काळजी करू नको, इथं जेवायला लय मिळतं.

तू दिलेला निळा झंपर काल मी दोन्हीकडून आवळला. आतलं कापड तसंच ठेवलंय.

तुझीच
कोकिळा