दुसरी कोंडाबाई

७ फेब्रुवारी १९८३, सोमवार

आज मला वर्गप्रमुख केलं. शाळेच्या ओसरीवर दुपारी बायांचा प्रौढ शिक्षणाचा वर्ग भरतो, त्याची — पंचेचाळिसाव्या वर्षी! अण्णाराव गुरुजी म्हणाले, "सरजाबाई, तुम्हाला वाचता येतंय. हजेरी तुम्हीच घ्या." वाचायला मी पुड्यांच्या कागदांवर शिकले, हे गेल्यावर. घरात बोलायला कुणी नव्हतं.

वहीत पंचवीस नावं. आधी बाईचं, मग तिच्या नवऱ्याचं.

१० फेब्रुवारी

अडचण आली. वर्गात दोन कोंडाबाया. एक नरसिंगची. दुसरीच्या नवऱ्याचं आणि आमच्या ह्यांचं नाव एकच. ते माझ्या तोंडून कधी निघालं नाही. लग्नात उखाणा शेजारणीनं घेतला, मी नुसती मान हलवली. हे मागच्या दुष्काळात गेले, अकरा वर्षं झाली. तरी नाहीच.

मी हाक दिली, "दुसरी कोंडाबाई."

"दुसरी कशाची? नवऱ्याची पहिलीच हाय मी."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

२१ फेब्रुवारी

आडाचं पाणी संपलं. बाया पाझर तलावाच्या कामावर जायला लागल्या. ओसरीवर आज मी, गुरुजी आणि म्हातारी गुरम्मा.

गुरुजी म्हणाले, लातूर जिल्हा झाला, आता साहेब जवळ आला. ११ मार्चला तपासणी. वीसच्या खाली बाया भरल्या तर वर्ग बंद.

बंद झाला तर मला परत तेच घर आणि त्याच भिंती.

२३ फेब्रुवारी

मीही कामावर नाव घातलं. मुकादमाला विचारलं, जेवणाच्या सुट्टीत बाभळीखाली वर्ग भरवू का?

"भरवा की. पण सुट्टी संपली की 'एवढं अक्षर होऊ द्या' म्हणायचं न्हाई."

गुरुजी फळा डोक्यावर घेऊन आले.

१ मार्च

एकोणीस. रोज एकोणीसच. बाकीच्या पोट भरायला नांदेडकडं गेल्या. दुसरी कोंडाबाई मात्र इथंच आहे. तीस पावलांवर पाठ करून भाकरी खाते.

४ मार्च

तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, एका बाईसाठी वर्ग अडलाय.

ती म्हणाली, "जनमात पयल्यांदा माझं नाव वहीत आलं. मालकाच्या नावासकट. नरसिंगच्या कोंडीचं पुरं घेता. माझ्या वेळंलाच दुसरी. मी काय उरलेली भाकर हाय?"

ते नाव माझ्यानं घेववत नाही, तुला ठाऊक आहे — मी म्हटलं.

"ठाव हाय. पर माझा मालक जिता हाय, बाई. तुम्ही त्यालाबी मारायला लागल्या."

तिनं भाकरी फडक्यात बांधली आणि उठली.

५ मार्च

त्या दिवशी मी हसले होते. तेच डोक्यात.

८ मार्च

दार लावून म्हणून पाहिलं. पहिलं अक्षर निघालं, आणि रडू फुटलं. अकरा वर्षं रडले नाही अशातला भाग नाही. पण हे रडणं वेगळं होतं.

११ मार्च

साहेब जीपमधून थेट बाभळीपाशी आले. बाया मोजल्या. एकोणीस. गुरुजींचा चेहरा पडला. साहेब म्हणाले, "हजेरी घ्या. पूर्ण नावं."

वाचत गेले. नरसिंगची कोंडाबाई झाली. पुढच्या ओळीवर बोट थांबलं. कोंडाबाई बांधावर टोपलं घेऊन उभी होती, इकडंच बघत.

"कोंडाबाई भुजंग."

भुजंग. आता लिहिलंही.

गुरम्मानं पदर तोंडाला लावला. कोंडाबाईनं टोपलं खाली ठेवलं. डोक्यावरची चुंबळ काढली, हात झटकले, सावकाश चालत आली. उभ्याउभ्याच म्हणाली, "हजर."

साहेबांनी वीस लिहिलं. वर्ग राहिला.

१२ मार्च

माझं स्वतःचं नाव मी आजवर वाचलंच नव्हतं. गुपचूप खूण करायची. आज सगळ्यांच्या शेवटी वाचलं — सरजाबाई भुजंग. आणि हजर म्हणायला आवाजच फुटेना. बाया थांबून राहिल्या.

मग कोंडाबाई म्हणाली, "हजर हायत. दोघंबी."