पहिल्या रांगेतला रुमाल

तीर्थरूप सौ. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (गुडघा आखडल्यामुळे सध्या लेखीच). तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा रक्तदाब कसा आहे? हे पत्र त्यांच्या हाती लागू दिलं नाहीस तर तो आहे तसाच राहील. मी मजेत आहे. इतका, की सकाळपासून आरशात बघून स्वतःलाच 'वकीलसाहेब' म्हणतो आहे आणि तुझी भावजय दर वेळी आतून विचारते आहे की कोण आलंय.

तर ताई, अपील जिंकलो! बिगुलवाल्याची नोकरी वाचली, बाहीवरची पट्टी परत मिळाली आणि मुख्य म्हणजे बिगुल परत मिळाला. बिगुल गेल्यापासून तो माणूस नुसता ओठ मिटून बसायचा, ते बघवत नसे. खरं सांगतो, ही केस मला नकोच होती. ब्रिगेडिअर भाऊजींनी ज्याच्यावर आरोप ठेवलाय, त्याचंच वकीलपत्र त्यांच्या मेहुण्याने घ्यायचं म्हणजे दिवाळखोरीची लक्षणं. पण तू फोनवर फोन केलेस, शेवटी आईची शपथ घातलीस. कोण कुठला बिगुलवाला, त्याचा तुला एवढा पुळका का, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

प्रकार तू पाहिलेलाच आहेस, तरी वकिलाची सवय म्हणून सांगतो. पलटणीचा वर्धापनदिन, भर दुपारचं ऊन, सगळे जवान सावधान आणि भाऊजींचं भाषण ते स्वतः भरती झाले त्या दिवसापर्यंत पोहोचलेलं (म्हणजे अख्खी नोकरी अजून बाकी). बिगुलवाला झेंड्याच्या खांबामागे, पार लांब उभा, कारण जवळ वाजवलं तर पाहुण्यांचे कान बसतात. तिथे भाषण ऐकू येत नाही. म्हणून त्याला लेखी हुकूम होता: पहिल्या रांगेतून पांढरा रुमाल हलला की परेड संपल्याचा बिगुल वाजव. त्याला रुमाल हललेला दिसला. त्याने वाजवला. आणि पलटण पांगली! समोर मोकळं मैदान, वर केलेलं बोट आणि तोंडात अर्धं वाक्य, अशा अवस्थेत भाऊजी एकटेच उरले. ते अर्धं वाक्य त्यांच्या घशात अजून अडकलंय असं मला वाटतं.

रुमाल हलवण्याचं काम होतं परेडच्या कॅप्टनचं. आपला रुमाल खिशातून निघालाच नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं. मग कोणाचा रुमाल दिसला, असं विचारल्यावर बिगुलवाला म्हणाला, लक्षात नाही. झालं! मुद्दाम साहेबांचा अपमान केला असं ठरवून कोर्टमार्शलने त्याला नोकरीतून काढलं. (त्याच्या बचावाला जो लेफ्टनंट दिला होता तो भाऊजींच्याच हाताखालचा. बिचाऱ्याने अर्धा वेळ भाऊजींच्या भाषणाची स्तुती केली.)

अपिलात मी समारंभाचे फोटो मांडले. पहिल्या रांगेतल्या निम्म्या पाहुण्यांच्या हातात रुमाल, कोणी घाम पुसतोय, कोणी वारा घेतोय. (तू मात्र एका अगडबंब पाहुण्याच्या आड गेली होतीस.) मी म्हटलं, हुकुमात रुमाल आहे, रुमाल कोणाचा ते नाही. एका न्यायाधीशांनी पुन्हा खोदून विचारलं तेव्हा पठ्ठ्या म्हणाला, "साहेब, तेवढ्या लांबून रुमाल दिसतो, मालक दिसत नाही." मग त्यांनी पुराव्यातला बिगुल देऊन त्याला तोच इशारा वाजवायला सांगितलं. वाजवला मात्र, तिन्ही न्यायाधीश (सगळे जुने फौजी) उठले आणि त्यातले एक तर दारापर्यंत गेले! परत येऊन बसताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यानंतर मला फारसं बोलावं लागलं नाही (तरी मी बोललो). पलटणीने आणि बिगुलवाल्याने, दोघांनीही हुकूमच पाळला, असा निकाल झाला. भाऊजी बाहेर पडताना मला 'अहो वकील' म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच मला अहोजाहो केलं.

भाच्यांना आशीर्वाद. कंबरेला शेक घे.

तुझा धाकटा

ता. क. निकालानंतर बिगुलवाला ऑफिसात आला आणि खिशातून एक घडी काढून टेबलावर ठेवली. खुर्च्या उचलताना तुझ्या खुर्चीखाली सापडला म्हणे. पांढरा रुमाल, कोपऱ्यात आईने भरलेलं पिवळं बदक, जे सगळ्यांना किटली वाटतं. ताई, त्याची जोडी माझ्या कपाटात आहे! नोकरी गेली, पट्टी गेली, पण या माणसाने हा रुमाल कोर्टात काढला नाही. मला भरून आलं. तो म्हणतो, बाईसाहेब माशी हाकलत असतील. मी तुला लहानपणापासून ओळखतो. तुझ्या आसपास फिरकण्याची माशीची हिंमत नाही.

ता. क. २. भाऊजी फेरविचाराचा अर्ज करणार आहेत आणि रुमालाचा मालक शोधून काढल्याशिवाय स्वस्थ बसणार नाहीत, असं कळलं. म्हणजे त्या गरिबाच्या मागे पुन्हा तेच शुक्लकाष्ठ. तेव्हा आता तूच सांगून टाक. जेवण झाल्यावर, गोळी घेतल्यावर, हळूच. ते तुझ्यावर कोर्टमार्शल बसवणार नाहीत. बसवलंच तर मी आहे.

ता. क. ३. रुमाल सोबत पाठवतो आहे. बिगुलवाल्याच्या बायकोने धुऊन इस्त्री केलाय.

ता. क. ४. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहूनच गेलं. पुढच्या महिन्यात भाऊजींचा निरोप समारंभ आहे आणि बिगुल आपल्याच माणसाकडे आहे. भाऊजी म्हणे संपूर्ण नोकरीवर बोलणार आहेत. निकालाप्रमाणे आता पहिल्या रांगेतला कुठलाही पांढरा रुमाल कायदेशीर आहे. तुझा तू घरीच ठेव, तुझ्यावर आता नजर राहील. मला फक्त पहिल्या रांगेत एक खुर्ची मिळवून दे. माझी किटली मी घेऊन येतो.