साडेतीन तासांचा टप्पा

ती. दाजी,

पडल्या जागेवरून साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहा अंगं कालपासून गादीला टेकलेलीच आहेत. डोकं आणि उजवा हात तेवढे पत्रासाठी उचलून धरलेत, त्यांचं काही राहिलं असल्यास माफी असावी.) तुमची कंबर कशी आहे? ताईचा खोकला गेला का? माझ्या गुडघ्यांची चौकशी इथे कुणी करत नाही, म्हणून मीच कळवतो की ते आहेत. दोन्ही आहेत. रात्री तशी खात्री नव्हती.

पत्रास कारण तुम्हाला ठाऊक आहेच, कारण ती पैज तुमच्याच जेवणाच्या टेबलाशी लागली आणि पंचही तुम्हीच आहात. (पंच व्हाल का, असं विचारलं तेव्हा तुम्ही खुर्चीत झोपला होतात. पण तुमची मान दोनदा खाली गेली, तो आम्ही होकार धरला.) तरी घोटाळा नको म्हणून पुन्हा लिहितो. ही डोंगरातली लांबची पायवाट पुरी करायला पंधरा दिवस लागतात, रोज एक टप्पा आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी मुक्कामाचं घर. यातल्या एका टप्प्याला किती वेळ लागेल ते मी आधी सांगायचं. अर्धा तास इकडेतिकडे धरून बरोबर आलं, तर दुकानात गिऱ्हाइकाला वायदा देण्याचा हक्क आजवर होता तसा माझ्याकडे राहील. चुकलं, तर यापुढे कपडे कधी मिळतील ते सौ. सांगणार आणि मी मान खाली घालून शिवणार.

दाजी, तुम्ही आयुष्यभर बस चालवलीत. तुम्ही निघायची वेळ कुणीतरी दुसऱ्याने ठरवलेली होती आणि तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही. पण शिंप्याचं तसं नाही. कात्री काय, कुणाचीही चालते. मशीन भाड्यानेही मिळतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून "मंगळवारी" म्हणण्यासाठी मात्र तीस वर्षं लागतात. तेच गेलं तर दुकानात माझं म्हणण्यासारखं एक स्टूल उरतं, आणि त्याचाही एक पाय सौ.च्या भावाने बसवून दिलाय.

तर परवा संध्याकाळी मी चौथा टप्पा निवडला. मुक्कामाच्या घराबाहेर पाटी होती, "पुढचं घर : पाच तास." आता पाटी लिहिणारा काही वेडा नसतो. लोकांनी तक्रार करू नये म्हणून तो वेळेत थोडी माया ठेवणारच, जशी आपण कापडात शिलाईच्या आत ठेवतो, पुढे माणूस सुटला तर उसवायला बरी. ती माया मी मनातल्या मनात उसवली. मग नकाशा पसरला आणि गळ्यातली टेप लावली. (सुट्टीतही ती गळ्यात असते. नसली की मान थंड पडते.) वाट नकाशावर जरा वळवळलेली होती, पण ती वळवळ छापणाऱ्याच्या हाताची असणार असं धरून मी टेप सरळ ठेवली. हिशेब साडेतीन तासांवर आला आणि मी तो घराची व्यवस्था बघणाऱ्या बाईंसमोर मोठ्याने जाहीर केला. बाई म्हणाल्या, "पाटी आमच्या ह्यांनी स्वतः चालून लिहिलीय." मी समजूतदारपणे हसलो. सौ. स्वेटरची गुंडी लावत होती, ती मान वर न करता म्हणाली, "आपण मंगळवार सांगतो तेव्हा कपडे देतो कधी?" या प्रश्नाचा विषयाशी काही संबंध नव्हता, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

सकाळी सौ.ने दुपारचा डबा भरला होता. साडेतीन तासांसाठी डबा पाठीवर वाहायचा म्हणजे स्वतःच्याच शब्दावर अविश्वास दाखवण्यासारखं, म्हणून नाश्ता झाल्यावर पायरीवर बसून मी माझ्या वाटणीचा खाऊन टाकला. (पोटात घेतलेलं पाठीवर येत नाही असा माझा समज होता. ते पायांत येतं.)

नकाशावरच्या त्या वळवळीला चढ म्हणतात, हे मला पहिल्या तासात कळलं. दाजी, मोठ्या घेराचा झगा जमिनीवर पसरला तर खोली भरते आणि चुण्या घालून कमरेला आवळला तर वीतभर होतो. नकाशावर मी मोजली ती कंबर, आणि चालत होतो तो घेर. तीस वर्षं दुसऱ्यांच्या कापडाला चुण्या घातल्या, आणि डोंगराला घातलेल्या काही ओळखू आल्या नाहीत. माथा आला असं मी तीन वेळा जाहीर केलं. पहिल्या वेळी सौ.ने "बरं" म्हटलं, दुसऱ्या वेळी नुसतं पाहिलं आणि तिसऱ्या वेळी ती ऐकू येण्याच्या पलीकडे गेलेली होती. तिचं चालणं तुम्हाला माहीत आहे. घाई नाही, थांबणं नाही, काज करते तसं एकामागून एक.

मग मी समोरून येणाऱ्यांना विचारायला सुरुवात केली. रजेवर आलेल्या दोन नर्स भेटल्या. त्या म्हणाल्या, "आलंच की काका, अर्धा तास." अर्ध्या तासाने एक निवृत्त पोस्टमन भेटला. तो म्हणाला, अर्धा तास. त्यानंतर एक जोडपं भेटलं, त्यांचं आपसांत पटत नव्हतं, पण अर्ध्या तासावर दोघांचं एकमत झालं. सगळ्यांचे चेहरे सारखे होते. नजर स्थिर, आवाजात आपुलकी, आणि बोलता बोलता पाय पुढे निघालेला. दाजी, तो चेहरा मी कुठेतरी पाहिलाय असं वाटत राहिलं. मग आठवलं, दुकानातल्या आरशात.

आणि अशा वेळी समोरून आले आपल्या गल्लीतले दातांचे डॉक्टर. ते ही वाट उलट्या बाजूने करताहेत हे मला ठाऊक असतं तर मी हा डोंगरच निवडला नसता. त्यांच्या दोन पँटी माझ्याकडे आहेत, म्हणजे पँटी व्हायच्या आहेत. डॉक्टर हाफपँटमध्ये होते आणि गुडघ्यांना ऊन लागून ते लाल झाले होते. मी आधी आकाशाकडे पाहिलं, पण आकाशाकडे माणूस किती वेळ बघणार. शेवटी विचारलं, "अजून किती राहिलंय, डॉक्टर?"

त्यांनी शांतपणे माझ्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं. "झालंच आहे," ते म्हणाले. "फक्त बटणं राहिलीत."

"तसं नव्हे हो. खरं सांगा."

"खरंच सांगतोय. मंगळवारी या."

त्यानंतर बराच वेळ गेला. तो कसा गेला हे सांगणं विषयाला सोडून होईल. मुक्कामाच्या घरी पोचलो तेव्हा दिवे लागत होते आणि स्वयंपाकघरातली बाई झाकण्या ठेवत होती. साडेतीनाचे नऊ तास झाले होते. सौ.ने माझे बूट काढले, पाय कोमट पाण्यात ठेवले आणि मग एवढंच म्हणाली, "दाजींना पत्र लिहा." म्हणून लिहितो आहे. आज विश्रांती आहे, उद्या पाचवा टप्पा. ताईला नमस्कार आणि घरातल्या लहानांना त्यांच्या उंचीप्रमाणे आशीर्वाद.

तुमचा,
मेहुणा

ता. क. : पंच म्हणून एक बारीक खुलासा पत्राने करावा. साडेतीन तास म्हणजे चालण्याचे, असं माझं म्हणणं आहे. उभं राहणं, बसणं, धापा टाकणं आणि वाद घालणं हे चालण्यात येत नाही. ते वजा केलं तर मी साडेतीन तासच चाललो, कदाचित थोडा कमीच. निकाल तसा लिहून दुकानाच्या पत्त्यावर पाठवावा, म्हणजे भिंतीवर लावता येईल. सौ.ला हे वेगळं कळवण्याची गरज नाही.

ता. क. २ : तुमचा हिवाळी कोट येत्या मंगळवारी नक्की.

ता. क. ३ : दाजी, पाकीट बंद करायला ह्यांनी पत्र माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. टप्पा पाच तासांचाच आहे, मला पाच लागले. वाट बघून बघून मी परत खाली गेले, तर पहिल्याच वळणावर हे डॉक्टरांना दगडावर उभं करून त्यांचं माप घेत होते. डॉक्टर दोन तास तिथेच अडकले होते, ह्यांचं म्हणणं की ते वाळलेत आणि जुनं माप चालणार नाही. तिथून घराचं छप्पर दिसत होतं. डॉक्टरांनी खरंच सांगितलं होतं.

तुमचा कोट अजून कापलेलाच नाही. तो महिनाअखेरच्या शनिवारी मिळेल. ही तारीख मी देते आहे, म्हणजे ती धरून चाला. निकाल तुम्हाला योग्य वाटेल तो द्या.

उद्याच्या टप्प्याची पाटी घराच्या मागच्या बाजूला आहे. तिच्यावर सात तास लिहिलेत. मी ह्यांना चार सांगितलेत, नाहीतर उठायचे नाहीत.