मुखवटा सुआंच्या घरी जाईल

मी, पाये कार्नवेआ, जमात मानो, धंदा लाकूड कोरणे, राहणार ग्बेइलाह, आज पूर्ण शुद्धीत आहे, सकाळपासून ताडी घेतलेली नाही आणि माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. माझ्यामागे भांडणं नकोत म्हणून माझी इच्छा लिहून ठेवतो.

१. राहतं घर व भाताचं शेत मुलगा न्याह्न यास. पत्रे गळतात. त्याची तक्रार माझ्या थडग्यापाशी आणू नये.

२. लाकूड तासायचा माझा चांगला वाकस शेजारी तोक्पा सुआ यास. तसाही तो उसना नेल्यापासून त्याच्याचकडे आहे.

३. मुखवटा. तो माझी मालमत्ता नाही, मी त्याचा राखणदार. माझ्या मामाने तो कोरला तेव्हा तो दारोदार भात मागून लोकांना हसवायचा. वय वाढलं तसा मान वाढला. आज राखणदाराने तो चढवला की त्याच्या शब्दावर भांडणं मिटतात. ते अरुंद डोळे, तो गुळगुळीत कपाळाचा उतार! इतकं शांत तोंड मला जन्मभर कोरता आलं नाही.

न्याह्नने मन्रोव्हियाहून फोन केला, "बाबा, मुखवट्याला गिऱ्हाईक आहे. सिमेंटचं घर होईल." मी नाही म्हटलं, तर पुढच्या आठवड्यात म्हणतो, "तो माझ्या स्वप्नात आला होता."

"काय म्हणाला?"

"काही नाही, नुसता बघत होता."

आमचा मुखवटा ज्याला राखणदार म्हणून निवडतो त्याला झोपेत आपलं गाणं देतो. ते मामानंतर फक्त मला ठाऊक. मग तोक्पाचा मुलगा लेक्पे आला. "काका, हा तुमचा मुखवटा रोज माझ्या झोपेत येऊन गातो, मग मीही झोपेत गातो, बायको वैतागलीय. आवरा त्याला." आणि तेच गाणं म्हणून दाखवलं. मला रडू आलं. तोक्पाचंच घर सापडलं याला! मुखवट्याने मन बदलावं म्हणून मी त्याला कोलाच्या बियांचा नैवेद्य जास्त चारला. बदललं नाही. म्हणून राखण लेक्पेकडे. न्याह्नने तो विकू नये, कोर्टातही जाऊ नये.

४. माझ्या व तोक्पाच्या हद्दीवरचं कोलाचं झाड कुणाचं, हा जुना वाद आता लांबवू नका. मूठमाती दिली की मुखवट्यानेच ठरवावं. मुखवट्याखाली कुणाचा मुलगा आहे हे पाहू नये. निकाल विरुद्ध गेला तरी माझ्या माणसांनी मान्य करावा.

साक्षीदार तोक्पाने हे ऐकून विचारलं, "आणि तो तुझ्या बाजूनं बोलला तर?"

"तर तूही मान्य कर."

मग त्याने अंगठा उठवला.

सही: पाये कार्नवेआ
साक्षीदार: तोक्पा सुआ (अंगठा), यासा दोलो, सुईण
ग्बेइलाह, निम्बा, १४ फेब्रुवारी २०१९